उतारवयातील निवासाचा प्रश्न



वृद्ध माणसाने कोठे राहावे, हा प्रश्न आपल्या देशात पुष्कळ काळ कोणी विचारीतच नसे. पुरुष ज्या घरात जन्मला आणि स्त्री ज्या घरात लग्न होऊन आली, त्याच घरात दोघांचा शेवट व्हावयाचा, हे गृहीत धरलेले असे. ओसरीची एक बाजू, एक बाज, पाण्याचा तांब्या आणि हाक मारली असता ओ देणारे कोणीतरी, एवढ्यावर ती व्यवस्था उभी होती. तिचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र विसरली जाते. १९५१ च्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. हा आकडा मुख्यतः बालमृत्यूंमुळे इतका खाली आलेला होता, हे खरे. तरीही साठी ओलांडलेली माणसे घरोघर नव्हती आणि अंथरुणाला खिळून पाच-सात वर्षे काढणारी तर फारच थोडी होती. आता हेच आयुर्मान सत्तरीच्या आसपास पोहोचले आहे. २०११ च्या जनगणनेत साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख भरली. केरळात तर दर आठ माणसांमागे एक वृद्ध आढळला. ज्या एकत्र कुटुंबाची आठवण काढून आज उसासे टाकले जातात, त्या कुटुंबाला हा भार एवढ्या प्रमाणावर कधी उचलावाच लागलेला नव्हता.

घराबाहेर राहून उतारवय घालविण्याची कल्पना परदेशातून आली, हा समजही तितकाच अपुरा आहे. काशीवास ही जुनी गोष्ट आहे. बंगालमधील विधवा पिढ्यान्‌पिढ्या वृंदावनास जात आल्या. त्यांतील कित्येक गेल्या नव्हत्या, त्यांना पाठविण्यात आले होते. २०१८ साली वृंदावनात एक हजार स्त्रियांची सोय होईल असे ‘कृष्ण कुटीर’ शासनाला उभारावे लागले, याचे मूळ त्या प्रथेत आहे. कलकत्त्यात ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या ख्रिस्ती जोगिणींच्या संघाने निराधार वृद्धांची सेवा १८८२ साली सुरू केली. तेव्हा घर सोडून राहणे नवे नाही. नवे आहे ते एवढेच की, पूर्वी जो प्रश्न निराधारांचा किंवा विरक्तांचा मानला जाई, तो आता खात्यापित्या, लिहित्यावाचत्या कुटुंबाला स्वतःचा म्हणून सोडवावा लागत आहे. आणि तो सोडविण्याची कोणतीही रीत या कुटुंबापाशी नाही.

रीत नसल्यामुळे हा निर्णय बहुधा रुग्णालयाच्या व्हरांड्यात होतो. केरळातील पत्तनंतिट्टा जिल्ह्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. २००१ ते २०११ या दशकात या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तेथील तरुण माणसे आखाती देशांत, अमेरिकेत, देशातील मोठ्या शहरांत गेली. मागे राहिली ती परदेशच्या पैशातून बांधलेली मोठी घरे आणि त्या घरांतील एखाद-दुसरे वृद्ध माणूस. अशा एका घराची कल्पना करावी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा माता एकटी राहते. थोरला मुलगा कुवेतला, मुलगी दिल्लीस, धाकटा बंगळूरास. एका पहाटे न्हाणीघरात पाय घसरून मातेच्या खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते. मुलगी आठ दिवसांच्या रजेवर येते, मुले दूरध्वनीवरून बोलत राहतात, आणि डॉक्टर सांगतात की परवा घरी न्यावयास हरकत नाही. कोणत्या घरी, हे डॉक्टर सांगत नाहीत. मग दोन दिवसांत तीन मुले मिळून एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याचे ठिकाण ठरवितात. थोरला म्हणतो, पैसा लागेल तितका पाठवितो, चांगला वृद्धाश्रम पाहा. मुलगी म्हणते, दिल्लीला नेते. धाकटा म्हणतो, तात्पुरती एखादी बाई ठेवू आणि पुढचे पुढे पाहू. तिघांच्याही बोलण्यात माया आहे, आणि तिघांच्याही बोलण्यात आपापली सोय आहे. जिच्यासंबंधी हे बोलणे चालले आहे ती शेजारच्याच खोलीत पडून आहे. तिला कोणी विचारलेले नाही.

विचारले तरी ती काय उत्तर देईल, याचा अंदाज करता येतो. “तुम्हांला बरे पडेल तसे करा,” हे वाक्य आपल्याकडील वृद्ध माणसे हमखास उच्चारतात. मुले त्याला संमती समजतात. वास्तविक त्या वाक्यात पुष्कळदा भीती असते: आपण ओझे झालो आहोत ही, आणि नकार दिला तर जे मिळत आहे तेही जाईल ही. म्हणून “कोठे राहशील?” असा सरळ प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. दिवसासंबंधी विचारावे. सकाळी जाग केव्हा येते, पहिला चहा कोण करते, वर्तमानपत्र कोणते येते, दुपारी कोणाशी बोलणे होते, कोणते काम अजून स्वतःच्या हाताने केल्यावाचून चैन पडत नाही, रात्री कशाची धास्ती वाटते. पत्तनंतिट्ट्याच्या त्या मातेच्या दिवसात कदाचित रविवारची चर्चमधील प्रार्थना असेल, उतरविलेल्या नारळांची मोजणी असेल, कुंपणापलीकडच्या शेजारणीशी अर्धा तास बोलणे असेल. यांतील कोणती गोष्ट गेली तर चालेल आणि कोणती गेली तर जगण्यात राम उरणार नाही, हे तिलाच ठाऊक असते. घर हे या दिवसासाठी शोधावयाचे असते. आधी घर ठरवून मग त्यात माणूस बसविण्याची जी पद्धत पडली आहे, ती उलटी आहे.

माणसाच्या हाती थोडासा निर्णय राहिला तर काय फरक पडतो, याविषयी अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी कनेटिकट राज्यातील एका वृद्धनिवासात तो केला व १९७६ साली प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, आपल्या खोलीची मांडणी, करमणुकीची वेळ या गोष्टी आपण स्वतः ठरवाव्या. प्रत्येकास एक कुंडी निवडावयास देऊन तिची निगाही त्याच्याकडे सोपविण्यात आली. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही कुंड्या देण्यात आल्या, परंतु पाणी परिचारिका घालतील असे सांगण्यात आले. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक उत्साही व अधिक मिसळणारी झालेली दिसली. पुढे दीड वर्षानंतरच्या मृत्युसंख्येवरून जो मोठा निष्कर्ष काढण्यात आला, त्याच्या गणितात दुरुस्ती करावी लागली. तेव्हा कुंडीला पाणी घातल्याने आयुष्य वाढते, असे कोणी समजू नये. वृत्तीत पडलेला फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे.

अर्थात केवळ इच्छेवर व्यवस्था उभी राहत नाही. माणसाला काय करता येते आणि काय येत नाही, हे नीट पाहावे लागते. वैद्यकाने त्यासाठी एक साधे माप दिले आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकन वैद्याने १९६३ साली सहा क्रिया मांडल्या: स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, बिछान्यावरून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी त्यांत घर चालविण्याच्या क्रियांची भर घातली, जसे की स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा हिशेब, औषधे वेळेवर घेणे, दूरध्वनी वापरणे. या दोन याद्या कुटुंबीयांनी कागदावर लिहून काढल्या तर पुष्कळ भांडणे मिटतील. कारण “आईला आता काहीच जमत नाही” असे एक भाऊ म्हणतो आणि “तिला सगळे जमते” असे दुसरा म्हणतो, तेव्हा दोघेही बहुधा वेगवेगळ्या क्रियांविषयी बोलत असतात. ज्या वृद्धाला हिशेब व बाजार जमत नाही पण स्नान व जेवण जमते, त्याला दिवसातून दोन तास येणारे माणूस पुरते. ज्याला रात्री उठून शौचास जाता येत नाही, त्याला रात्री जवळ कोणीतरी असावेच लागते, मग घर कितीही प्रशस्त असो. मदत किती लागते यापेक्षा ती कोणत्या वेळी लागते, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो.

या दृष्टीने पाहिले असता पुष्कळ वृद्धांना आपले घर सोडण्याची गरजच नसते. घराला थोडे बदलावे लागते. न्हाणीघरात हाताने धरावयाची भक्कम दांडी, खुर्चीसारखे बसता येईल असे शौचपात्र, बिछान्यापासून शौचालयापर्यंत रात्रभर जळणारा लहानसा दिवा, पायांत अडकणारी सतरंजी काढून टाकणे, उंबऱ्याची उंची कमी करणे. या गोष्टींना एक महिन्याच्या वृद्धाश्रमाच्या शुल्काइतकाही खर्च बहुधा येत नाही. तरीसुद्धा त्या पडण्याच्या आधी केल्या जात नाहीत, नंतर केल्या जातात. घराबरोबर भोवतालही पाहावा लागतो. केरळातच कोझिकोड येथे १९९३ साली असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनासाठी एक संस्था सुरू झाली. तिच्यातून पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे तयार झाले आणि २००८ साली राज्य शासनाने त्यासंबंधी धोरण जाहीर केले. स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाऊन जखमा धुतात, नळी बदलतात, घरच्यांना उचलण्या-वळविण्याची रीत शिकवितात. जेथे अशी सोय आहे, तेथे ‘घरीच राहणे’ या शब्दांना अर्थ आहे. जेथे ती नाही, तेथे तेच शब्द एखाद्या स्त्रीच्या गळ्यात पडतात.

ती स्त्री कोण, हे सांगावयास नको. २००७ साली संसदेने मातापित्यांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधी कायदा केला. त्यात ‘अपत्ये’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा समावेश आहे. सून त्यात नाही. कायद्याने जिला मोजले नाही, तिलाच रूढी एकटीला मोजते, हा मोठा विलक्षण प्रकार आहे. “आई आमच्याकडे राहील,” असे मुलगा घोषित करतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर निघून जातो. वृद्धेची संमती घेतली जात नाही तशी या सुनेचीही घेतली जात नाही. ती नोकरी करीत असेल तर ती सोडण्याची अपेक्षा तिच्याकडूनच होते. अशा घरात पुढे जी कुरबुर सुरू होते, तिचा दोष सासू-सुनांच्या स्वभावावर टाकून पुरुष मोकळे होतात. वस्तुतः शुश्रूषेचे तास कोण भरून काढणार याचा हिशेब झालेला नसतो, आणि तो प्रथमच झाला पाहिजे: कोण किती वेळ, कोण किती पैसा, कोणाची रात्र, कोणाची सुट्टी. पगारी बाई ठेवली तरी हा हिशेब सुटत नाही. चोवीस तासांसाठी ठेवलेल्या बाईलाही झोप लागते, तिच्या मुलाला ताप येतो, तिच्या गावी लग्न निघते.

मुलांकडे राहावयास नेण्यात आणखी एक अडचण आहे आणि भारतासारख्या देशात ती फार मोठी आहे. ती भाषेची होय. कोट्टयमची किंवा तंजावरची माता दिल्लीतील सातव्या मजल्यावर नेऊन ठेवली, की एका दिवसात ती मुकी होते. भाजीवाल्याशी बोलता येत नाही, दारावरच्या पहारेकऱ्याचे बोलणे समजत नाही, नातवंडे हिंदी-इंग्रजीत बोलतात, आणि डॉक्टरला दुखणे सांगावयाचे तर मुलगी घरी असावी लागते. आपल्या गावात जी स्त्री चार घरांतील भांडणे मिटवीत असे, ती येथे खिडकीतून रहदारी पाहत बसते. मुलांना वाटते, आई शांत झाली. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात चाकरीनिमित्त गेलेल्या लाखो कुटुंबांत हे घडत आहे. बडोदे किंवा इंदूर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि उतारवयात मुलामागून बंगळूरास गेलेल्या मराठी माणसालाही ते चुकत नाही. जेवणाविषयी निराळे बोलावयास नको. सत्तर वर्षे मासळी-भात जेवलेल्या माणसास कोरडी पोळी पौष्टिक म्हणून वाढली तर ती पोटात जाते, एवढेच.

भावांनी वाटून घेण्याची जी पद्धत सर्व प्रांतांत आढळते, तिच्यासंबंधी अधिक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते, परंतु तो न्याय भावांपुरता असतो. वृद्धाच्या दृष्टीने पाहावे तर त्याला वर्षातून तीनदा घर मोडावे लागते. पेटी पुरती उघडली जात नाही, कारण लवकरच ती भरावयाची असते. प्रत्येक गावी निराळा डॉक्टर. एकाने बंद केलेली रक्तदाबाची गोळी दुसरा पुन्हा सुरू करतो. नव्या न्हाणीघराची पायरी अंगवळणी पडते न पडते तोच ते सुटते, आणि अशा अपरिचित जागीच माणूस पडतो. एखाद्या महिन्याच्या तीस-एकतीस तारखांवरून भावाभावांत वाद होतात तेव्हा तर मर्यादाच संपते. काही वृद्धांना हा फेरा आवडतो, सर्व नातवंडे दिसतात म्हणून. पण त्यांनी तो स्वतः मागितलेला असावा लागतो. एरवी एकाच ठिकाणी राहावे आणि इतर भावंडांनी आपला वाटा पैशाच्या वा वेळेच्या रूपाने तेथे पोहोचवावा, हे अधिक बरे. वर्षातील एक महिना येऊन राहणारी मुलगी, सांभाळणाऱ्या वहिनीला जो श्वास घेऊ देते, त्याची किंमत मनीऑर्डरने होत नाही.

आता वृद्धाश्रमांकडे वळू. हा शब्द उच्चारताच समोरचा माणूस खाली मान घालतो, हे इष्ट नाही. कारण मान खाली असल्यामुळे तो डोळे उघडून पाहत नाही. आश्रम एका जातीचे नसतात. धर्मादाय घरे आहेत, माफक शुल्काची निवासस्थाने आहेत, आणि कोइमतूर, पुणे, बंगळूर अशा शहरांभोवती विकत किंवा भाड्याने घरे देणाऱ्या वृद्धांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. निराधार वृद्धांसाठी निदान १५० जणांची सोय होईल असे एक घर प्रत्येक जिल्ह्यात असावे, असे २००७ च्या कायद्यात म्हटले आहे. परंतु तरतुदीची भाषा सक्तीची नाही, आणि ज्या शासनांना घाई नव्हती त्यांनी तिचा लाभ घेतला.

आश्रम पाहावयास जाणारी कुटुंबे बाग पाहतात, प्रार्थनामंदिर पाहतात, खोलीतील पंखा फिरवून पाहतात. खरे पाहावयाचे ते निराळेच. न कळविता, जेवणाच्या वेळी जावे. आणि पुन्हा एकदा रात्री आठनंतर जावे, जेव्हा व्यवस्थापक घरी गेलेले असतात. बसलेल्या वृद्धांची नखे कापलेली आहेत की नाहीत, हे पाहावे. कर्मचारी त्यांना नावाने हाक मारतात की खोलीच्या क्रमांकाने, हे ऐकावे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: माणूस अंथरुणाला खिळला तर काय होईल? पुष्कळ ठिकाणी केवळ चालत्याफिरत्या वृद्धांनाच प्रवेश असतो, आणि पुढे तो परावलंबी झाला की नातलगांनी त्याला घेऊन जावे, अशी अट नियमावलीत कोठेतरी खाली छापलेली असते. म्हणजे ज्या दिवसासाठी सोय केली, नेमक्या त्याच दिवशी ती संपते. रात्री छातीत दुखू लागल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात, सोबत कोण जाते, अनामत रक्कम परत केव्हा व किती मिळते, मृत्यूनंतर चालकांचे दायित्व काय, हे लेखी घ्यावे. एवढे करून महिनाभर पाहुणा म्हणून राहून पाहावे, आणि त्या महिन्यात गावाकडचे घर भाड्याने देऊ नये. परत येण्याचा रस्ता उघडा असेल तर माणूस नवी जागा मोकळ्या मनाने पारखतो. अशा रीतीने स्वतः निवडून गेलेली कित्येक माणसे आश्रमात आनंदाने राहतात. समवयस्कांबरोबर पत्त्यांचा डाव मांडतात, सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड केल्याचा अपराध त्यांच्या माथी येत नाही.

घराच्या या सर्व चर्चेत एका कागदाचा विषय बाजूला ठेवला जातो, आणि तोच नंतर न्यायालयात येतो. आई मुलाकडे राहावयास जाणार असे ठरले, की काही दिवसांत तिचे घर त्याच्या नावे करण्याची गोष्ट निघते. “आज ना उद्या त्याचेच आहे,” असे म्हणून ती बक्षीसपत्रावर अंगठा किंवा सही देते. मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतील भेद प्रत्येक वृद्धाला ठाऊक असावयास हवा. मृत्युपत्र मरणानंतर अमलात येते आणि जिवंतपणी केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र नोंदले गेले की मालकी तत्काळ जाते. २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने येथे एक आधार दिला आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणारा तो करीत नसेल, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. परंतु ही अट असावी लागते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, अट सिद्ध झाल्यावाचून हे कलम लागू होत नाही, असा निर्णय दिला. नंतर मध्य प्रदेशातील एका मातेचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. तिने २०१९ साली मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते, आणि सांभाळाचे वचन त्याने वेगळ्या कागदावर लिहून दिले असे तिचे म्हणणे होते. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने, हा कायदा वृद्धांच्या हितासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे सांगून बक्षीसपत्र रद्द केले आणि मालमत्तेचा ताबा तिला परत देवविला. माता जिंकली, पण पाच वर्षे गेली, आणि वैरी कोण, तर पोटचा मुलगा. घर नावावर ठेवूनही मुलाकडे राहता येते. ज्याला खरोखर सांभाळावयाचे आहे, त्याची मृत्युपत्राला हरकत असण्याचे कारण नाही.

विदर्भातील उटी या गावचे सीताराम गावंडे यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. त्यांचे नातू अतुल गावंडे हे अमेरिकेतील शल्यचिकित्सक. त्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या वार्धक्य व मृत्यू यांविषयीच्या पुस्तकात आजोबांची हकीकत दिली आहे. जवळजवळ ११० वर्षे जगलेले हे शेतकरी म्हातारपणीही रात्री घोड्यावर बसून शेताची पाहणी करीत. अमेरिकेत असते तर त्यांना केव्हाच शुश्रूषागृहात हलविले असते, असे नातू लिहितो. घरच्यांनी त्यांच्यासाठी लहान घोडा पाहिला, सोबत माणूस दिले, पण घोडा काढून घेतला नाही. मात्र त्या जुन्या रचनेत तरुणांना स्वतःचे आयुष्य स्वतः ठरविता येत नसे, हेही गावंडे यांनी सांगितले आहे, आणि ही दुसरी बाजू आपल्याकडे ते उदाहरण सांगताना गाळली जाते.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत यांतील पुष्कळ गोष्टी लागू पडत नाहीत, कारण त्याला विचारून उत्तर मिळत नाही. देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे साठीवरील शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे ८८ लाख व्यक्तींना, हा विकार आहे. अशा माणसाची जागा जितकी कमी वेळा बदलेल तितके चांगले; नव्या घरात त्याला शौचालय सापडत नाही, आणि सायंकाळ झाली की तो ‘घरी’ जावयास निघतो. अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी पुसली जाते व मातृभाषा उरते, म्हणून सांभाळणारे माणूस त्याची भाषा बोलणारे असावे. कोचीन येथे १९९२ साली स्थापन झालेल्या अल्झायमर व तत्सम विकारांच्या भारतीय संस्थेने दिवसापुरती सांभाळणारी केंद्रे सुरू केली, तो मार्ग पुष्कळ कुटुंबांना मानवतो: रात्र घरी, दिवस केंद्रात. घरात दाराला बाहेरून कुलूप लावून कामावर जाण्यापेक्षा तो शतपटीने बरा. येथे निवड नातलगांनाच करावी लागते. तेव्हा तो माणूस शहाणा असताना काय आवडीने करीत असे, हेच विचारावयाचे. दुखणे आरंभीच्या अवस्थेत असतानाच त्याच्याशी बोलून, बँकेचे व घराचे कागद आणि त्याची इच्छा लिहून ठेवली असेल तर हे काम सोपे जाते.

निर्णय झाल्यावर हलविण्याचा दिवस येतो. तेथेही घाई केली जाते. जुने घर आवरताना मुले ज्या वस्तूंना अडगळ म्हणून बाजूला काढतात, त्यांतून वृद्ध माणूस दोन-चार वस्तू उचलून घेतो. पितळी तांब्या, तुटक्या दांडीचा चष्मा, एखादे पान फाटलेले प्रार्थनापुस्तक, बसून बसून खोलगट झालेली वेताची खुर्ची. नव्या खोलीत त्यांना जागा नाही, असे सांगण्यात येते. खोलीचे माप आधी घ्यावे, खुर्चीचेही घ्यावे, आणि खुर्ची आधी आत नेऊन, जेथून दार दिसेल अशा जागी ठेवावी. मग माणसाला आणावे.